अडचणीच्या डब्याचा पहारेकरी

बचतीच्या वर्गात पहिल्या शनिवारी बाईंनी फळ्यावर ‘थेंबे थेंबे तळे साचे’ असं लिहिलं आणि मागच्या बाकावर बसलेल्या सूनबाईला जांभई आली. हे वाक्य ती दुसरीत असल्यापासून ऐकत होती. तळं साचायला थेंब आधी हातात टिकावा लागतो, आणि तिच्या घरी थेंब पडायच्या आत चार भांडी त्याच्याखाली लागलेली असत.

वर्ग भरायचा शर्टाच्या कारखान्यात, जेवणाच्या खोलीत, शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर. सूनबाई तिथे काजं-बटणं करायची. कुठल्याशा संस्थेने एक पंचविशीतली पोरगी शिकवायला पाठवली होती, जिच्या खांद्यावरची पिशवी तिच्यापेक्षा जड होती. सगळ्याजणी तिला बचतबाई म्हणायच्या. वर्गानंतर चहा आणि चार-चार बिस्किटं मिळत, म्हणून हजेरी भरपूर असे. पगार पुरत नाही म्हणून ज्या बायका रोज रडतात त्यांनाच पैसे कसे सांभाळावेत हे शिकवायचं, म्हणजे उपाशी माणसाला सावकाश चावून खा म्हणून सांगण्यातली गत, असं सूनबाईचं मत होतं. ते तिने बिस्किटं खाता खाता दोघी-तिघींना सांगितलंही.

पण बचतबाई दिसायची तितकी कच्ची नव्हती. तिसऱ्या शनिवारी तिने फळा पुसला आणि सरळ विचारलं की घरात दुखणं आलं, मशीन बिघडलं, तर पैसे कुठून आणता? सगळ्यांचं उत्तर एकच होतं. गल्लोगल्ली फिरणारा तो आठवडेवाला. आज हजार देणार आणि दर सोमवारी दारात उभा राहून व्याज नेणार. मुद्दल आपलं जागच्या जागी. बचतबाई म्हणाली, तर मग अडीअडचणीचा एक वेगळा डबा करा. रोज जमेल तेवढं टाका. आणि तो डबा घरातल्या अशा माणसाकडे द्या ज्याला ‘नाही’ म्हणता येतं.

बायका हसल्या. कॉलर लावणारी म्हणाली, आमच्या सासूबाईंना येतं, पण फक्त मला. सूनबाई मात्र हसली नाही, कारण असा माणूस तिच्या घरी होता. नुसता होता असं नाही, दारात खुर्ची टाकून बसलेला होता.

तिचे सासरे बाटल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं गेटवर होते. एकदा मालकाच्या जावयाची गाडी त्यांनी अडवली होती, कारण पासावर नऊ खोकी होती आणि गाडीत दहा. जावई लालबुंद झाला, मालकाने आरडाओरडा केला, आणि दुसऱ्या महिन्यात पगार वाढवून दिला. असा हा माणूस निवृत्त होऊन चार वर्षं दोन खोल्यांच्या घराच्या दारात बसून होता, आणि राखायला काही नव्हतं म्हणून हळूहळू चिडका होत चालला होता.

सूनबाईने बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा, एक कुलूप आणि एक वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि बचतबाईने सांगितलेलं सगळं सांगितलं. मामंजींनी डबा उलटासुलटा करून पाहिला, कडी ओढून पाहिली. मग म्हणाले, “पास लागेल.”

तेव्हापासून त्या घरात गेटपास सुरू झाला. कोणाला हवेत, किती हवेत, कशासाठी हवेत, हे कागदावर लिहून द्यायचं. वर बचतबाईने वर्गात शिकवलेले तीन प्रश्न होते. अचानक आलंय का? टाळता येणार नाही का? आजच हवंय का? तिन्हींना होकार असेल तर लाल पेन्सिलीने सही, एकाला जरी नकार असेल तर नामंजूर. पास वाचायचं काम नातीकडे होतं. ती नऊ वर्षांची, चिमणी म्हणायचे तिला. वाचनाचा सराव होतो म्हणून आजोबा तिच्याकडून मोठ्याने वाचून घेत आणि डोळे मिटून ऐकत. वहीत लिहायचीही तीच. ऑफिसच्या गोष्टी घरात सांगायच्या नाहीत, अशी तिला ताकीद होती. ऑफिस आणि घर यांच्यात तिथे फारतर दोन हातांचं अंतर होतं.

पहिले बळी सूनबाईचे यजमान. ते फरशी बसवायचे. काम असलं की पाठ मोडेपर्यंत काम, नाहीतर पंधरा-पंधरा दिवस घरी. त्यांनी बुटांसाठी पास टाकला. नामंजूर, बूट एका दिवसात फाटत नाही. चुलतभावाच्या लग्नाच्या आहेरासाठी टाकला. लग्न अचानक ठरलं का, असं मामंजींनी विचारलं, आणि सहा महिन्यांपूर्वी ठरलं म्हटल्यावर कागद परत. स्वतःच्या बापाकडे स्वतःचेच पैसे अर्ज करून मागायचे आणि तोंडात मारल्यासारखं परत यायचं, हे त्यांना काही केल्या पचेना. सूनबाईचीही सुटका नव्हती. कुकरच्या नव्या रिंगसाठी तिने पास दिला तेव्हा उत्तर आलं की कुकरच्या आधीही लोक जेवत होते.

पण सहाव्या महिन्यात फरशी कापायच्या मशीनची मोटर जळली. मोठं काम हातात, मुकादम म्हणाला परवापर्यंत या नाहीतर दुसरा बघतो. पास लिहायला पाच मिनिटं लागली आणि मंजूर व्हायला दोन. तिसऱ्या दिवशी मशीन दुरुस्त होऊन नवरा कामावर. आठवडेवाला त्या सोमवारी सवयीने दारावरून गेला, सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी केली, तीही आशेने केली, आणि सगळे ठणठणीत असल्याचं ऐकून पडलेल्या चेहऱ्याने पुढे गेला. त्या दिवशी सूनबाईला जे वाटलं ते तिला कधीच वाटलं नव्हतं. उद्या काही झालं तर काय, हा प्रश्न तिच्या पोटात लग्नापासून बसून होता. तो उठून गेल्यासारखं झालं. तिने बचतीच्या वर्गाबद्दलचं आपलं मत गुपचूप मागे घेतलं, आणि नवऱ्यानेही बापाशी आहेरावरून धरलेला अबोला सोडला.

वर्ष उलटलं. डबा जड झाला. आणि मग सूनबाईची दाढ दुखायला लागली.

आधी तिने लवंग धरली, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, पण चौथ्या दिवशी उजवा गाल असा टम्म सुजला की कारखान्यात शिफ्टच्या बाईने स्वतःहून घरी पाठवलं. गल्लीतून येताना दळणवाल्यापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांनी विचारलं, अहो वहिनी, हे काय झालं? घरी चिमणी नव्हती, खेळायला गेली होती. मामंजी दारात होते. सूनबाईने चालता चालता खिशातला कागद काढून त्यांच्या हातात दिला. पास तिने दुपारीच लिहून ठेवला होता.

मामंजींनी कागद हात लांब करून धरला. ओळींवरून बोट फिरवलं. भुवया वर केल्या, खाली केल्या. बराच वेळ विचार केला.

“नामंजूर,” ते म्हणाले. “कारण पटत नाही.”

सूनबाईच्या कानाच्या पाळीपर्यंत कळ गेली. तिने कागद हिसकून घेतला, आणि बघते तर तो पास नव्हताच. घाईत हाताला लागेल ते दिलं होतं. कारखान्यातली कामाची चिठ्ठी होती ती. पांढरा शर्ट, काजं सात, बटणं आठ, नग एकशेवीस.

तिला हसू फुटलं. गालामुळे धड हसताही येईना. उद्या कारखान्यात हे सांगितलं की कॉलरवाली हसून हसून लोळेल, असं मनात आलं, आणि तेवढ्यात ते हसू जागच्या जागी थांबलं.

“मामंजी,” ती कसंबसं म्हणाली, “माझ्याकडे बघा जरा.”

“बघतोय की.”

“काय दिसतंय?”

“तू दिसतेस. दुसरं काय दिसणार?” मामंजी म्हणाले. “आणि नामंजूर झालं म्हणून असं तोंड फुगवून बोलायचं नाही. नियम सगळ्यांना सारखा.”

अख्ख्या गल्लीला दिसलेला गाल त्यांना दोन हातांवरून दिसत नव्हता. सूनबाई उंबऱ्यावरच बसली. दाढेचं दुखणं ती तेवढ्यापुरतं विसरली, एवढंच त्या क्षणाबद्दल सांगता येईल.

संध्याकाळी चिमणीने खरा पास वाचला, तो मंजूर झाला, आणि दुसऱ्या दिवशी दाढ निघाली. पण पास वाचला त्याच रात्री जेवणाआधी चिमणीला जवळ घेऊन विचारल्यावर ऑफिसची सगळी गुपितं बाहेर आली. आजोबांना वाचता येत नाही, खूप दिवस. सही करताना बोट कुठे ठेवायचं ते ती दाखवते. आणि मध्ये मध्ये वहीत ‘किरकोळ जमा’ म्हणून जे लिहिलंय, ते आजोबांच्या डोळ्यांच्या औषधाचे पैसे. सूनबाई दर महिन्याला ज्या थेंबांसाठी पैसे देत होती, ते थेंब बाटलीतून डोळ्यात पडायच्या ऐवजी डब्यात पडत होते.

मामंजींनी मग फार आढेवेढे घेतले नाहीत. डॉक्टरने आठ महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पिकलेला, तो आधी काढू. खर्चाचा आकडा त्यांनी सांगितला. डब्यात त्याच्यापेक्षा थोडे जास्तच होते. ते ऐकून नवरा म्हणाला, मग झालं तर, उद्याच जाऊ. मामंजींनी डबा मांडीवर ओढला.

“अचानक आलंय का?” त्यांनी विचारलं. “आठ महिने झाले. टाळता येणार नाही का? आठ महिने टाळलंच की. आजच हवंय का? नाही. एकही होकार नाही. तुझ्या बुटाला एवढं सांगितलं, मग माझ्या डोळ्याला वेगळा नियम?”

हिशेब बिनचूक होता. मग मामंजी खालच्या आवाजात म्हणाले की कमावता असतो तर गोष्ट वेगळी. बसून खाणाऱ्या माणसाच्या डोळ्यात वर्षाचे पैसे ओतायचे आणि उद्या मशीन जळलं की पुन्हा त्या आठवडेवाल्यापुढे उभं राहायचं, हे त्यांच्या हातून होणार नाही.

नवरा रात्रभर धुसफुसत होता. सकाळी तो कानस घेऊन उभा राहिला. कुलूप कापतो म्हणाला. सूनबाईने त्याला आवरलं. कुलूप एकदा कापलं की तो नुसता बिस्किटाचा डबा होतो, हे तिला कळत होतं. आणि मुख्य म्हणजे सहीशिवाय बाहेर पडलेल्या पैशाने हा माणूस दवाखान्याची पायरी चढणार नाही. उचलून नेला तरी डोळे मिटून घेईल. एकतीस वर्षं ज्याने विनापास बाटली जाऊ दिली नाही, त्याला तसल्या पैशाने दिसू लागलं तरी काय कामाचं?

शनिवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी तिने बचतबाईला गाठलं आणि सगळं सांगितलं. बचतबाईचा चेहरा उतरला. तिच्या पुस्तकात उधळ्या नवऱ्यांबद्दल धडा होता, हौस आणि गरज यांच्यावर तर दोन होते. स्वतःवर पैसा जाऊ न देणाऱ्या माणसाबद्दल एक ओळ नव्हती. मला माहीत नाही हो, ती म्हणाली, आणि खोटं काही सांगितलं नाही याबद्दल सूनबाईला ती त्या दिवसापासून फार आवडायला लागली.

मग बचतबाईने त्या दिवशीचे कागद वाटले. घरात कोण किती आणतं ते लिहायचं होतं. सूनबाईने नवऱ्यापुढे लिहिलं, स्वतःपुढे लिहिलं, मामंजींपुढे एक रेघ मारली. शेजारी कॉलरवाली कागदावर डोकं टेकून बसली होती. तिची पोर सांभाळणाऱ्या बाईने पुन्हा पैसे वाढवले होते. नुसतं सहापर्यंत बसवून ठेवते, शाळेतून आणायचे वेगळे घेते, आणि जेवायला घातलं की तेही वेगळं, असं ती सांगत होती. सूनबाई ऐकता ऐकता त्या रेघेकडे बघत राहिली.

“किती घेते ती?” तिने विचारलं. “एकेक करून सांग.”

कॉलरवालीने सांगितलं. सूनबाईने रेघ खोडली आणि लिहायला लागली. लिहिता लिहिता तिने मागच्या बाकावर विचारलं, दुपारी घर राखायला माणूस ठेवला तर काय पडतं; पुढच्या बाकावर विचारलं, अभ्यासाला बसवायचं काय घेतात. बायका कामाला लागल्या. जिला तिला आपल्या घरचं कोणीतरी आठवायला लागलं. कोणाची आई, कोणाचा लंगडा दीर. चहा गार झाला, आणि त्या वर्गाच्या इतिहासात पहिल्यांदा बिस्किटं उरली. बचतबाई बाकांमधून फिरत सूनबाईपाशी आली, वाकून कागद वाचला आणि तिथेच बाकाच्या कडेवर बसली. हे पुढच्या वर्गात शिकवू का, असं तिने विचारलं.

त्या संध्याकाळी सूनबाईने पास लिहिला. अर्जदाराच्या जागी स्वतःचं नाव टाकलं, कारणाच्या जागी मामंजींच्या डोळ्याचं ऑपरेशन. चिमणीने आजोबांसमोर उभं राहून शाळेत कविता म्हणतात तशा आवाजात तो वाचला.

चिमणीला सकाळी शाळेत सोडणं, दुपारी आणणं, इतके. सहापर्यंत सांभाळणं, इतके. भात लावणं आणि दूध उतू जाऊ न देणं, इतके. अभ्यासाला बसवणं, इतके. घर राखणं, इतके. आणि डबा राखणं. त्याच्यापुढे आकडा नव्हता, आठवडेवाल्याला वर्षभरात जे व्याज गेलं नाही ते लिहिलं होतं. शेवटी बेरीज होती. ती सूनबाईच्या पगारापेक्षा थोडीच कमी होती.

मामंजी डोळे मिटून ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, “अचानक आलंय का?”

“मला चार दिवसांपूर्वी कळलं,” सूनबाई म्हणाली. “अर्ज माझा आहे.”

“टाळता येणार नाही का?”

“नाही. दिसत नसलेल्या माणसावर पोर आणि पेटता गॅस सोडून मी कामाला जाणार नाही. मी घरी बसले तर माझा पगार जाईल, आणि हे सगळं ज्याचं त्याला पैसे देऊन करून घ्यायचं म्हटलं तरी तो जवळजवळ सगळा त्यातच जाईल. तुम्ही सांगा, कशाच्या जोरावर टाळू?”

पहिलं वाक्य त्यांना लागणार हे तिला माहीत होतं. लागलंच. मामंजींनी मान फिरवली. तिसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही. नवरा भिंतीला टेकून उभा होता.

“परत वाच,” मामंजी चिमणीला म्हणाले.

चिमणीने परत वाचलं. या वेळी ते प्रत्येक ओळीला डब्याच्या झाकणावर बोट टेकवत गेले. बेरीज आली तेव्हा बोट तिथेच राहिलं.

“एवढं सगळं मी करतो?”

“तुम्हीच करता,” सूनबाई म्हणाली.

मग मामंजींचा आवाज गेटवरचा झाला.

“कागद चुकलाय.”

नवरा भिंतीपासून दूर झाला. काय चुकलंय, असं सूनबाईने विचारलं.

“पहाटेचं पाणी कुठे धरलंय यात?” मामंजी म्हणाले. “रोज पाचला उठून आठ हंडे भरतो मी. ते काय फुकट?”

नवरा आधी हसला, मग सूनबाई, आणि दाढेच्या खड्ड्यात कळ आली तरी तिला थांबता येईना. तिने डोळे पुसत पुसत कागदावर पाणी लिहिलं. बाजारात हंड्याला काय पडतं त्यावरून दोघांत थोडी घासाघीस झाली, आणि मामंजींनी आपला आकडा सोडला नाही. बेरीज बदलली. आता ती सूनबाईच्या पगाराच्या वर गेली होती.

मामंजींनी लाल पेन्सिल मागितली आणि कागद मांडीवर सरळ केला. चिमणी नेहमीप्रमाणे चोरून बोट दाखवायला वाकली, तिला त्यांनी हाताने थांबवलं.

“सही कुठे करायची ते तू दाखव, सूनबाई,” ते म्हणाले. “मला दिसत नाही.”